भासऱ्याची बैठक

माझी उंची चार फूट दहा इंच आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावरून घडलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला अंगणवाडी पर्यवेक्षिकेची नोकरी लागली. खालापूर तालुक्यातल्या पंचवीस-एक अंगणवाड्या माझ्याकडे होत्या, चौक गावापासून वावोशीपर्यंत पसरलेल्या. काही रस्त्याला लागून, काही रस्ता संपल्यावर आणखी अर्धा तास पुढे. आम्ही राहायला खोपोलीत, शिळफाट्याजवळ. नवरा एका कारखान्यात पाळीवर. त्याची मोटारसायकल होती, पण ती त्याच्या पाळीबरोबर जायची आणि यायची. शिवाय तिच्यावर बसलं की माझे नुसते अंगठे जमिनीला लागत. थांबायचं तर अर्धं अंग एका बाजूला सरकवून एक पाय टेकायचा, आणि नेमका त्या बाजूला खड्डा निघाला की गाडीसकट आडवं व्हायचं. दोनदा झाले. स्कूटर सगळ्यांनी सुचवली. मी एक महिना मैत्रिणीची चालवून बघितली. तिची चिमुकली चाकं आमच्याकडच्या खड्ड्यांत गेली की मणक्यापर्यंत कळायचं.

शिळफाट्याच्या शोरूममध्ये मी गेले ती चौकशीला. दारातच एक काळी क्रूझर मोटारसायकल उभी होती. लांबलचक, रुंद हँडल, थेंबासारखी टाकी, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ. बरेच महिने ती तिथेच होती म्हणे. लोक येत, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत आणि दुसरी गाडी घेऊन जात.

"मॅडम, ती शोला ठेवलीय," विक्रेता म्हणाला. "तुमाला लेडीज गाड्या तिकडं हायत."

मी तिच्यावर बसले. दोन्ही पाय जमिनीवर. टाचांसकट. गुडघे वाकलेले. मी उठले, परत बसले, तरी तेच. एवढी मोठी गाडी, पण तिचं सगळं वजन खाली होतं. डावीकडे झुकवली तरी ती अंगावर येत नव्हती, माझ्या मांडीला लागून थांबत होती. क्लच मऊ. पाय ठेवायची जागा पुढे, त्यामुळे बसणं खुर्चीत बसल्यासारखं. नवशिक्या माणसाला ती जितकी सोपी तितकी दुसरी गाडी मी आजवर पाहिलेली नाही. फक्त ती दिसायला अशी होती की नवशिके तिच्या जवळ जात नसत.

"हीच द्या," मी म्हटलं.

"साहेबांना विचारून या," तो म्हणाला.

"साहेब पाळीवर आहेत. गाडी माझ्या नावावर घ्यायचीय."

गाडी माझ्या नावावर झाली. कागदावर मालक म्हणून माझं पूर्ण नाव आलं. ही गोष्ट तेव्हा मला फार मोठी वाटली नव्हती.

दीड वर्ष मी ती चालवली. तिचे दोषही सांगते. वळायला तिला अख्खं मैदान लागायचं. गतिरोधकावर पोट घासायचं. चिखलात ती म्हशीसारखी बसून राही. पण मागच्या पाठीला मी मुलांचा वजनकाटा बांधत असे, बाजूच्या पिशवीत रजिस्टरं, आणि साडेनऊला निघालेली मी दुपारपर्यंत चार अंगणवाड्या करून यायची. वाड्यांमधली पोरं तिला "पलंग" म्हणत. "बाई पलंगावर आली, बाई पलंगावर आली!" असं ओरडत पाव किलोमीटर मागे धावत. सेविका हसायच्या. एकदा एक म्हातारी मला थांबवून म्हणाली, "पाय पुढं टाकून बसलीस गं बाय, दमलीस का?" मी म्हटलं, "नाही आजी, तिची बसायची पद्धतच तशी आहे." "मंग बरी हाय," ती म्हणाली. "मला आण एक."

आता भासऱ्याकडे येते. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. इथे मी त्याला एकेरीत लिहिणार आहे. तोंडावर तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून कागदावर.

माझं सासर पोशीरचं. भाताची शेती, आणि नेरळच्या बाजूला इमारती उठायला लागल्यापासून जमिनींचे व्यवहार. ते व्यवहार भासरा बघायचा. पांढरे कपडे, गॉगल, हातात दोन फोन. माझ्या सासरी तेव्हा जुनी रीत पाळत, आणि ती रीत अशी: धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर बसायचं नाही, डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मध्ये कुणीतरी ठेवायचं आणि "त्यांना म्हणावं" करून बोलायचं. समोर तिसरं माणूस नसेल तर भिंतीला सांगायचं. मी नोकरी करणारी, पदवी घेतलेली बाई. पण पोशीरच्या ओटीवर पाऊल ठेवलं की मीही भिंतीशी बोलायची. सगळ्या करतात म्हणून करायची. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं वाटायचं.

एका उन्हाळ्यात आम्ही माझ्या गाडीवरून पोशीरला गेलो. भासऱ्यानं गाडीला दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात फिरवला आणि नवऱ्याला मागच्या दारी नेलं. नवरा परत आला तो हसू दाबत.

"दादाला गाडी शिकायचीय."

मला समजेना. भासरा तर सारखा मोटारसायकलवर दिसायचा. मग लक्षात आलं, तो नेहमी मागे बसलेला असायचा. पुढे कुणीतरी असायचं, आणि तो मागे फोनवर बोलत. मोठ्या माणसाला कशाला चालवायला पाहिजे, असं सगळे समजत. खरं कारण वेगळं होतं. तोही माझ्यासारखाच बुटका. माझ्याहून दोन बोटं जास्त असेल. कुठल्याच गाडीवर त्याचे पाय टेकत नव्हते, आणि चाळीशीच्या माणसानं चारचौघांत पडणं त्याला परवडणारं नव्हतं. माझ्या गाडीवर पाय टेकतील हे त्यानं एका नजरेत ओळखलं.

"मग शिकवा की," मी म्हटलं.

"मला ती गाडी कुठं जमते? तिचं वळण तुलाच कळतं. तू सांग."

"मी? त्यांना?"

"मी आहे ना मध्ये."

भात कापून झालेल्या शेतांमधून एक कच्चा रस्ता जातो. सकाळी, गाव उठून कामाला लागायच्या आत, आम्ही तिघं तिथे गेलो. भासरा गाडीवर. शेजारी नवरा. नवऱ्याच्या मागे चार पावलांवर मी, डोक्यावर पदर घेऊन.

"त्यांना म्हणावं, क्लच दाबून पहिला टाका."

"दादा, क्लच दाब, पयला टाक."

"टाकला. आता?"

"टाकला म्हणतो. आता?"

"मला ऐकू आलं. त्यांना म्हणावं, क्लच हळूहळू सोडा. एकदम नाही."

"दादा, हळूहळू सोड. एकदम सोडू नको म्हणते."

"काय सोडू नको?"

"काय सोडू नको गं?"

एवढ्यात त्यानं क्लच सोडला होता. गाडी हिसका मारून बंद. असं सात-आठ वेळा झालं. नंतर एकदाची ती चालू लागली, तसा नवरा बाजूनं धावू लागला आणि त्याच्यामागे पदर सावरत मी. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता. भासरा सरळच निघाला होता.

"ब्रेक म्हणावं!" मी ओरडले. "अहो, ब्रेक म्हणावं!"

"दादा—" नवरा धापा टाकत म्हणाला, "ती म्हणते—"

भासरा बांधावरून खाली, कापलेल्या भाताच्या बुडख्यांत. गाडी त्याच्या शेजारी आडवी. ती खाली बसकी असल्यामुळे कुणालाच फारसं लागलं नाही. एक आरसा तेवढा फुटला. तो उठला, कपडे झटकले आणि नवऱ्याला म्हणाला, "हिला काय सांगता येत नाय नीट. सांगतेय काय, मधीच थांबतेय काय!"

मी थांबत नव्हते, निरोप थांबत होता. थेट "ब्रेक" म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आजही आठवलं की मला माझाच संताप येतो. आरसा माझा गेला आणि शिकवणारी वाईट ठरले मीच.

तरी त्या सुट्टीत सहा सकाळी मी त्याला शिकवलं. सातव्या सकाळी तो एकटा नेरळपर्यंत जाऊन आला. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. आपण शिकवलेलं माणूस चालवायला लागलं की बरं वाटतंच.

आम्हाला रविवारी परत निघायचं होतं. पिशव्या घेऊन मी अंगणात आले तर भासरा गाडीवर बसला होता. पाय पुढे सोडलेले, गॉगल लावलेला, भोवती गावातली सात-आठ माणसं.

"गाडी झकास हाय," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "ठेवा हितंच."

नवरा हसला. त्याला चेष्टा वाटली. मग त्याला कळलं की ती चेष्टा नाही, तरी तो हसतच राहिला. मी सासूबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता त्या काहीतरी बोलतील.

बोलल्या. "भासरा बसला गं तिच्यावर," त्या म्हणाल्या. "आता तू कशी बसशील?"

रीतीमध्ये हेही होतंच. ज्या खाटेवर, ज्या खुर्चीवर भासऱ्याची बैठक, त्यावर धाकट्या भावजयीनं बसायचं नाही. आजवर ते खाटेपुरतं होतं. गाडीच्या सीटला ते लागू होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शिकवताना सहा सकाळी तो बसत होता तेव्हा हे कुणाला आठवलं नव्हतं. आता अंगणात सगळ्यांना आठवलं.

"नोकरीला कशी जाऊ म्हणावं," मी भिंतीला म्हटलं.

"टमटम हाय की," भासरा भिंतीला म्हणाला. "आन गाडी कुटं परक्याकडं जातेय? घरातच हाय."

माणसं हसली. मी पिशव्या उचलल्या आणि चालू लागले. भांडले नाही. एकोणतीस वर्षांची होते, डोक्यावर पदर होता, समोर आठ पुरुष होते. ही कारणं आहेत. मी ती माफी म्हणून सांगत नाही.

पुढची दोन वर्षं मी टमटममधून आणि चालत अंगणवाड्या केल्या. चारच्या दोन झाल्या. वजनकाटा खांद्याला. एका दुपारी चौक फाट्यावर मी तासभर टमटमची वाट बघत उभी होते. भासऱ्याचं त्या भागात जमिनीचं काहीतरी चाललं होतं. तो माझ्या गाडीवरून आला. मला बघितलं. वेग कमी केला, आणि मला वाटलं, थांबतोय. त्यानं हॉर्न दिला, दोनदा, जसा ओळखीच्या माणसाला देतात, आणि गेला. शेजारची भाजीवाली म्हणाली, "तुमच्यातले हायत काय?" मी म्हटलं, "नाही."

त्या दुपारी माझा विचार ठरला. गाडी परत पाहिजे, एवढाच असता तर तो साधा विचार होता. मला त्यालाही असंच कुठेतरी फाट्यावर उभं केलेलं बघायचं होतं.

मी नंतर एक स्कूटर घेतली, तोवर रस्तेही जरा बरे झाले होते. काम चालू राहिलं, मुलगा झाला, तो शाळेत गेला. इकडे भासरा त्या गाडीवर मोठा होत गेला. त्याच्या वाढदिवसाला नेरळच्या चौकात बॅनर लागायचा आणि बॅनरवर तो माझ्या गाडीवर बसलेला असायचा, मागे ढग आणि वाघ. लोक त्याला गाडीवरून ओळखायला लागले. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, तसा त्याचा रुबाब आणखी वाढला. "आता अशी मिळत नाय," तो सगळ्यांना सांगायचा.

नवरा अधूनमधून म्हणायचा, "दादाला सांगून गाडी त्याच्या नावावर करून टाकू. उगाच तुझ्या नावावर कशाला?"

"कशाला म्हणजे? घरातच आहे ना," मी म्हणायची.

भासऱ्यालाही तेच वाटायचं. गाडी घरातच, मग नाव बदलायला कशाला जायचं? त्याच्यासारख्या माणसानं, ज्याचा धंदाच सातबाऱ्यावरच्या नावांचा, स्वतःच्या बुडाखालच्या गाडीवर कुणाचं नाव आहे हे इतकी वर्षं बघितलं नाही. कागद माझ्या कपाटात होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर कापूर टाकून, कसर लागणार नाही असा. रागही मी तसाच ठेवला होता. लोक म्हणतात राग हळूहळू विरतो. नीट ठेवला तर विरत नाही.

पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी संपते आणि ती परत पास करून घ्यावी लागते. मालकाच्या सहीनं. ही तारीख मला तोंडपाठ होती. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मुदत संपायला महिना राहिला असताना भासरा आमच्याकडे आला. कुणी निरोप्या नाही, स्वतः. हॉलमध्ये खुर्चीवर बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, पदर घेऊन. मुद्दाम. इतक्या वर्षांत पदराचं बंधन सैल झालं होतं, पण त्या दिवशी मला ते सगळं जसंच्या तसं हवं होतं.

"तिला सांग, एक सही पायजे," तो नवऱ्याला म्हणाला. "एजंट म्हनतो मालक पायजे. आता मालक कोन, तर ही! हाय का नाय गंमत?"

नवऱ्यानं कागद माझ्याकडे आणले. मी रोज कागद तपासणारी बाई. एक अर्ज पुन्हा नोंदणीचा होता. त्याच्याखाली आणखी दोन होते, नाव बदलायचे, आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली.

"त्यांना म्हणावं, पहिल्यावर सही करते. नावाचं नंतर बघू, आधी गाडी पास होऊ दे. दोन्ही एकदम दिलं की अडकतं."

"दादा, ती म्हणते—"

"ऐकलं. शानी हाय," भासरा म्हणाला.

"आणि त्यांना म्हणावं, पेणला आरटीओत गाडी दाखवायच्या दिवशी मी स्वतः येते. सहीचा घोळ नको. पण टायर गुळगुळीत असले तर पास करत नाहीत. आरसे दोन्ही पाहिजेत. सायलेन्सरला भोक नको. सीट फाटकी असेल तर नवीन करून घ्या म्हणावं."

"सीटचं पन बघतात?" भासरा.

"सगळं बघतात म्हणावं," मी म्हटलं.

सीटचं कुणी बघत नाही.

त्या महिन्यात त्यानं गाडी नवी करून घेतली. दोन्ही टायर, क्लचप्लेट, चेन, आरसे. काळा रंग परत मारला, क्रोमला चमक आणली. सीट नेरळला एका कारागिराकडून शिवून घेतली, मऊ. नवरा मला येऊन सांगायचा, "दादा फार खर्चात पडला गं." मी म्हणायची, "पडू द्या."

पेणला जायच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं निघाले. मोठ्या पिशवीत डबा, कागद आणि माझं हेल्मेट. कंडक्टर म्हणाला, "काय मॅडम, एसटीत पण हेल्मेट?" मी म्हटलं, "तुमचा ड्रायव्हर बघितला ना, म्हणून." सगळी एसटी हसली. खरं तर मी मनातल्या मनात क्लच सोडून बघत होते. इतक्या वर्षांत मी क्रूझर एकदाही चालवली नव्हती. त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्यावर बसले आणि ती पहिल्याच झटक्यात बंद पडली असती, आणि तीही त्याच्यासमोर, तर मला दुसरी संधी नव्हती.

मैदानात गाड्यांची रांग होती. भासरा आधीच आला होता, गाडीवर बसून, गॉगल लावून. एजंट त्याच्या बाजूला. आमचा नंबर आला तसा साहेबांनी गाडी बाजूला लावायला सांगितली, पेन्सिलीनं चेसिस नंबर कागदावर उमटवून घेतला, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवून बघितला.

"गाडी छान ठेवलीये," ते म्हणाले. "मालक कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भासऱ्याकडे, मग कागदाकडे. माझं ओळखपत्र बघितलं. "ठीक आहे मॅडम. कार्ड पत्त्यावर येईल." आणि गाडीची चावी, जी त्यांच्या हातात होती, मालक म्हणून माझ्या हातात दिली. त्यांच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं. ते पुढच्या रिक्षाकडे गेले.

भासऱ्यानं हात पुढे केला. चावीसाठी. माझ्याकडे न बघता, कारण रीत.

मी पिशवीतून हेल्मेट काढलं. पदर कमरेला खोचला. हेल्मेट घातलं, आणि पाय टाकून गाडीवर बसले. त्याच्यासमोर. त्याच्या बैठकीवर. दोन्ही पाय टाचांसकट जमिनीला लागले.

"एजंट," भासरा म्हणाला, कारण मध्ये दुसरं कुणीच नव्हतं. "तिला सांग, उतर. मी बसतो त्या गाडीवर."

एजंट बिचारा दोघांकडे बघायला लागला. "मॅडम, ते म्हणतात—"

"तुम्ही मध्ये पडू नका," मी एजंटला म्हटलं. मग मान वळवून भासऱ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याचा चेहरा सरळ समोरून बघत होते. गॉगलच्या मागे काय होतं कळलं नाही, पण ओठ सुकले होते. "इतकी वर्षं बसलात," मी म्हटलं. "आता उभे राहा."

"ए बाय!" तो म्हणाला. तोही पहिल्यांदाच थेट बोलत होता. "मी जाऊ कसा?"

"एसटी आहे. पनवेलवरून दुसरी मिळेल. नाहीतर खोपोलीची, मग कर्जतला टमटम, मग नेरळला टमटम. सामान नाही तुमच्याकडे, सोपं जाईल."

क्लच मी हळूहळू सोडला. गाडी बंद पडली नाही. मैदानातून बाहेर पडताना तिला वळायला तेवढीच जागा लागली जेवढी पूर्वी लागायची, आणि एका रिक्षावाल्याला मागे सरकावं लागलं. आरशात, त्याच्याच पैशांच्या नव्या आरशात, भासरा उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, ऊन चढलं होतं. एजंट दुसरं गिऱ्हाईक बघायला गेला होता.

वावोशीला येईपर्यंत माझे खांदे भरून आले होते. थांबले, डबा खाल्ला. गाडी झाडाखाली उभी होती आणि मी तिच्याकडे बघत चपाती खात होते. फार बरं वाटत होतं. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो अर्धवट घेतलेला असावा.

घरी दोन दिवस रण माजलं. दोन दिवस फोन वाजत होते. नवरा म्हणाला, "तू दादाला भर मैदानात..." मी म्हटलं, "त्यांनी मला भर अंगणात." पाचव्या दिवशी तो गाडी पुसताना दिसला. मी त्याला काही म्हटलं नाही. त्या रविवारी अंगणात तो हसला होता हे मी विसरलेले नाही, आणि त्यालाही ते माहीत आहे.

भासऱ्यानं त्याच आठवड्यात दुसरी गाडी आणली, नवी, उंच. तीन दिवस ती ओटीसमोर उभी होती. चौथ्या दिवशी नेरळच्या चौकात सिग्नलला थांबताना त्याचा पाय जमिनीपर्यंत पोचला नाही आणि तो स्वतःच्याच बॅनरखाली आडवा झाला. लागलं नाही. पण सगळ्या बाजारानं बघितलं, आणि तो आधी कायम मागे का बसायचा ते एका मिनिटात गावाला कळलं. जाऊबाईंनी मला फोन करून सांगितलं. त्या त्याची बायको. आवाज अगदी गंभीर ठेवला होता, आणि मध्येच फोन बाजूला ठेवून त्या हसून आल्या.

तो परत मागे बसायला लागला.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलाला मांडवात त्या क्रूझरवरून यायचं होतं. लहानपणापासून तो तिच्यावर बापाच्या मागे बसलेला. त्याचा तो हट्ट होता. नवऱ्यानं भीत भीत विषय काढला. मी म्हटलं, "ज्याला पाहिजे त्यानं यावं आणि मला विचारावं. तुमच्यामार्फत नाही. भिंतीमार्फत नाही."

तो आला. मी हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते, पाय वर घेऊन. उठले नाही. समोरची खुर्ची दाखवली. त्याला बसावं लागलं. जाऊबाई बरोबर होत्या. त्याच्या कपाळावर घाम होता. एकदा त्यानं सवयीनं नवऱ्याकडे तोंड वळवलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"मी काय म्हंतो," तो म्हणाला. माझ्याकडे बघून. "पोराच्या लग्नाला... एक दिवसाची गाडी दे. बाय, तुझ्या हातानं दे. मी मागतोय."

त्या माणसाला हे म्हणताना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. पोरानं माझं काही वाईट केलेलं नव्हतं. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. एक दिवसाचाच प्रश्न होता.

"नाही," मी म्हटलं.

मग चहा केला. साखर त्याला चालत नाही, म्हणून बिनसाखरेचा. त्यानं तो संपवला आणि गेला. मला वाईट वाटेल म्हणून मी थोडी वाट बघितली. वाटलं नाही.

मुलगा फुलं लावलेल्या मोटारीतून आला. मी त्याला चांगला आहेर केला, जाऊबाईंना साडी. आदल्या दिवशी हळदीला मी एकटीच पुढे गेले होते, क्रूझरवरून. मांडवाच्या तोंडाशीच ती लावली, जिथून आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिला वळसा घालून जावं लागेल. पाहुण्यांना हात जोडायला भासरा तिथेच उभा होता, आणि त्याला रात्र होईपर्यंत तिथेच उभं राहायचं होतं. मी चावी पर्समध्ये टाकली आणि आत जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले.